शिल्लक माल

मी त्याला अनवाणी लिहिला होता.
खाजनाच्या बांधावरून चालणारा, गुडघाभर चिखल,
तळहात टेकला की भरती थांबायची.
बस्स, एवढीच शक्ती.
उरलेला वेळ मानशीच्या फळ्या काढायच्या, घालायच्या.

पर्वरीच्या काचेच्या ऑफिसात मिनेझिस मॅडम म्हणाल्या,
अनवाणी नको, साच्यात पायाची बोटं तुटतात.
(चांगल्या बाई. चहा स्वतः ओततात.)
म्हणून बूट आले.
बूट आले तसा चिखल गेला,
चिखल गेला तसा बांध गेला,
मग पायांना काही कामच उरलं नाही
आणि तो उडू लागला.

खलनायक म्हणून मी एक बार्ज लिहिली होती,
रात्री बांधाला घासून जाणारी, मालक न दिसणारी.
न दिसणारा मालक खोक्यात कसा भरणार?
त्यांनी खेकडा सुचवला. दहा पाय, दहा सांधे,
नांग्या बॅटरीवर.
तिसऱ्या भागात खेकड्याला मुलगा झाला,
कारण लहान आकाराची पाकिटं छापून पडली होती.

आवडू, त्याची बहीण,
जिला भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ,
ती दुसऱ्याच भागात शिकायला पुण्याला गेली.
बाहुल्यांचा विभाग वेगळा आहे, म्हणाल्या.

चौथ्या भागात मी त्याला मारला.
रात्री अडीच वाजता, नीट, घाई न करता:
अमावास्येची भरती, फुटलेला बांध,
आणि भगदाडात तो स्वतःच उभा.
सकाळी फोन. वास्कोला कंटेनर लागलाय,
अकरा हजार दप्तरं, जूनच्या शाळांची.
मेलेल्या माणसाचं दप्तर पोरं घेतील का, वेरेकर?
तुम्हीच सांगा.
मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचत नाही.
पाचव्या भागात तो डोळे उघडतो,
लाल कपड्यांत.

निळे झगे पडून राहिले.
ते रोहिदासने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून
किलोच्या भावाने आणले, दोन पोती.
कुंभारजुव्यात आमच्या वाड्यावर नरकासुर उभा राहत होता,
गवत कमी पडलं होतं.
त्याच्या पोटात कोंबले.

चतुर्दशीच्या पहाटे पेटवला.
पॉलिस्टर गवतासारखं जळत नाही,
आधी आकसतं, मग ठिबकतं.
पोरं शिव्या देत मागे सरली.
सिमेंटवाल्याचा बक्षिसाचा फलक तेवढा कुणीतरी ओढून वाचवला.
मी मात्र तिथंच उभा,
धुराने डोळे चुरचुरत होते, धुरानेच.
नरकासुर दर साली मरतो
आणि कुणी गोदामात फोन करून विचारत नाही.

घरी आलो. तुळशीपुढे कारीट ठेवलेलं.
कट्ट्यावर फोन थरथरला:
शुभ दीपावली, सहावा भाग कधी?
चपला काढल्या.
अंगठ्याखाली कारीट फुटलं, बिया, कडू पाणी,
आणि मी उगाच मोजली
पायाची बोटं.
शाबूत होती.