काम चालू, रस्ता बंद

शिडी सरकली भवानी पेठेत, नऊ वर्षांपूर्वी,
'भांडी भांडार'मधल्या दुसऱ्या 'भां'वर.
टिंब द्यायचं राहिलं ते राहिलंच.
हाड तीन महिन्यांत जुळलं.
खांदा मात्र अजून पडतोच आहे,
रोज पहाटे चारच्या सुमारास.

एमआरआयच्या फिल्म उजेडाला धरून
तीन डॉक्टरांनी पाहिल्या.
स्वच्छ, म्हणाले.
मेव्हणा म्हणाला, मग मनाचंच असेल.
त्या दिवशी खांद्यापेक्षा
त्याचा तो शेवटचा 'च' मला जास्त लागला.

नफिसा इनामदारचा दवाखाना कॅम्पात, दुसऱ्या मजल्यावर.
लिफ्ट नाही; तेही ती औषधातच धरते.
काय काम करायचात?
पाट्या, म्हटलं. दुकानांच्या, वकिलांच्या,
'गेटसमोर गाडी लावू नये' तर शेकड्यानं.
महापालिकेच्यासुद्धा : काम चालू, रस्ता बंद.
बरं, मग ती पाटी काढतं कोण?

मी गप्प.
लावणाऱ्याला पैसे मिळतात,
काढायचं टेंडर निघत नाही.
नाना पेठेत एका बोळाच्या तोंडाशी
डांबर वाळून दोन गणपती येऊन गेले
तरी पाटी उभीच होती. माझ्याच हातची,
लाल ऑइलपेंट, दोन कोट.
शहाणीसुरती माणसं ती वाचून
स्कूटर वळवत, लांबून जात.
रस्ता धड होता.
पण वळसाही खोटा नव्हता;
पेट्रोल जळायचंच ना.

दुखतं ते खरंच दुखतं, नफिसा म्हणाली,
फक्त खांद्यात आता खड्डा नाही.
वर बसलेला जरा भित्रा आहे.
एकदा पडलेला पाहिलाय त्यानं तुम्हाला.
त्याला ओरडू नका,
रस्ता चालून दाखवा.

मग टेबलावर आरसा उभा केला.
उजवा हात त्याच्या मागे, नजरेआड.
डाव्यानं मी हवेत उलटा 'ग' काढला
आणि आरशात माझ्या उजव्या हातानं
सुलटा 'ग' काढला, काना देऊन,
हूं की चूं न करता.
रडलो वगैरे नाही.
चष्मा पुसला.

आता रोज गच्चीच्या भिंतीवर
पाण्यात बुडवलेला ब्रश, पाच मिनिटं.
दुखलं तरी पाच,
आणि बरं वाटलं तरी पाचच,
हे दुसरं जास्त अवघड.
कुमुद खालून वेळ ओरडते.
'क'चा देठ पुरा होईतो
ऊन 'क'चं पोट पिऊन टाकतं.

दुकान रिकामं करायची नोटीस आली
त्या रात्री खांदा थेट भवानी पेठेत.
शिडीसकट.
दोन दिवस भिंत कोरडी.
तिसऱ्या दिवशी पाच मिनिटं.

परवा हडपसरहून लोणकर आला.
फ्लेक्स उन्हात फाटतो म्हणे, गाडीवर
हातानं लिहून द्या : 'रसवंती'.
शिरोरेघ ओढताना खांद्यानं विचारलं, कुठे चाललास?
म्हटलं, इथेच आहे. डांबर वाळलंय.
टिंबासाठी हात वर नेला.
दुखलं. दिलं.
जरा डावीकडेच गेलं.

चालेल की, लोणकर म्हणाला.
चालणार नाही, मी म्हटलं,
उद्या येतो.