शंभर क्षेत्रं

टी-शर्टावर छापलंय: पॉझिटिव्ह राहा.
मला हसू आलं.
वाळपईच्या आरोग्य केंद्रात एकोणीस वर्षं
मी मलेरियाच्या काचपट्ट्या बघते.
आमच्याकडे पॉझिटिव्ह निघाला की
फोन, फवारणी, घरोघर रक्त.
निगेटिव्ह म्हणजे बरी बातमी.

पहाटे साडेपाचला सुर्ल्याच्या शाळेसमोर
त्र्याण्णव माणसं कुडकुडत उभी.
आयोजक भोंग्यातून म्हणाला, ओढ्याला पाणी चढलंय,
ज्यांना नको त्यांनी आत्ताच सांगा.
कोणी सांगितलं नाही.
मीही नाही. पैसे परत मिळणार नव्हते.

पहिले दहा किलोमीटर मी धावले असं म्हणता येईल.
पुढचं काही वेगळंच होतं.
तांबडी माती बुटात शिरली,
मग बूटच मातीचे झाले.
धुक्यात पुढच्या माणसाची पाठ
दिसायची, पुसली जायची, पुन्हा दिसायची.
वारा समोरून, पाऊस बाजूने,
जळवा खालून.
जळवांना मी ओळखते, आमचा धंदा एकच:
टोचायचं, थेंब घ्यायचा, मोकळं करायचं.
सहा काढल्या.
सातवीला म्हटलं, घे बाई,
तूही कामावर आहेस.

एकविसाव्याला ओढा.
दोर बांधलेला, आणि दोराच्या मध्यावर
कमरेएवढ्या पाण्यात म्हाळू गांवकर,
डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ, तोंडात विझलेली विडी.
"पांयांकडेन पळेव नाका गो, म्हजेकडेन पळे!"
पाहिलं त्याच्याकडे.
या माणसाचं रक्त मी दोनदा तपासलंय.
त्यालाही ओळख पटली. ओरडून विचारलं, "निगेटिव्ह?"
"निगेटिव्ह!" मी ओरडले,
आणि तेवढ्यात पाण्याने माझी टोपी नेली.

पलीकडे उकड्या तांदळाची पेज, मिस्कूटची एक फोड.
उभ्याउभ्या प्यायले.
वाडग्यात पाऊस पडत होता,
पेज संपता संपेना.

तिसाव्याला डावा गुडघा बोलू लागला.
ऐकून घेतलं. उत्तर दिलं नाही.

पुढच्या वळणावर दगडावर एक मुलगा बसलेला,
इव्हान, पणजीचा, बँकेत असतो म्हणाला.
रडत होता की नाही
ते पाऊस थांबला असता तर कळलं असतं.
याला काय सांगू? पॉझिटिव्ह राहा?
म्हटलं, ऊठ. सूक्ष्मदर्शकाखाली
मी एका पट्टीची शंभर क्षेत्रं बघते,
एकेक करून. सगळी पट्टी एकदम
कुणालाच दिसत नाही.
तर त्या किंदळापर्यंत, एक.
त्या वारुळापर्यंत, दोन.
ती लाल फीत लोंबतेय ना, तीन.
अठ्ठेचाळीसपर्यंत मोजलं,
मग त्याच्या आईच्या सान्नांचा विषय निघाला
आणि मोजायचं राहिलं.

आठ तास अकरा मिनिटं.
मुदत आठ तासांची होती.
टेबल आवरणाऱ्या पोरीने यादी पाहिली, आम्हांला पाहिलं,
खोक्यातून दोन पदकं काढली,
म्हणाली, उरलीच आहेत.

सोमवारी जरा कणकण वाटली.
एवढ्यात काही दिसणार नाही, ठाऊक होतं,
तरी स्वतःचंच बोट टोचलं, पट्टी रंगवली.
नखांत अजून सुर्ल्याची माती.
पहिलं क्षेत्र. दुसरं. तिसरं.
डॉक्टर दारातून विचारतात, काय, कसं झालं?
थांबा, म्हणते,
अजून सदुसष्टाव्यावर आहे.