प्रसूतिगृहाची तार

त्या हिवाळ्यात त्बिलिसीत वीज दोनच ठिकाणी होती,
प्रसूतिगृहात आणि मंत्र्यांच्या गल्लीत.
मंत्र्यांची गल्ली लांब पडायची.
म्हणून आमच्या पाच मजल्यांनी
जन्माला येणाऱ्यांकडून थोडी उसनी घेतली.
चोरी म्हणायचं नाही, असं ठरलं होतं.

तार टेलिफोनची. बारीक, दुपदरी.
अक्रोडाच्या झाडावरून, गॅरेजच्या पत्र्यावरून
जिन्याच्या फुटक्या काचेतून आत शिरलेली.
घरटी एक बल्ब, चाळीस वॅटचा.
नियम नाझीब्रोला बाईंचा.
शाळा थंडीने बंद पडली होती,
बाईंचा पदार्थविज्ञानाचा तास पडला नव्हता.

"एकसर जोडणीत एक गेला की सगळे जातात.
तुम्हाला मी समांतर जोडलंय.
दोदो दिवा मालवून झोपली
तरी त्रिस्तानने खुशाल वाचत बसावं."

जानेवारीत बल्ब लाल झाले.
विझले असते तर बरं.
काचेत नुसती तार दिसायची,
जागरणाच्या डोळ्यातल्या शिरेसारखी.

बाईंनी सगळ्यांना जिन्यात बोलावलं.
मेणबत्ती दोदोच्या हातात,
कोळसा बाईंच्या, आणि भिंत सरकारची.
"कुणीतरी हीटर लावलाय. हीटरचा रोध जास्त की कमी?"
औथार, पूर्वी टॅक्सी चालवायचा, म्हणाला,
"जास्त. तापतो ना एवढा."
"कमी. अडवत नाही, म्हणून ओढतो.
आणि तो ओढतो तेवढं
ही तार वाटेतच खाते.
फुकट हमाली करत नाही ती."

कोण, ते विचारलं नाही.
एकेका मजल्याचा फ्यूज उपसत वर आल्या.
उपसायचा, थांबायचं, परत बसवायचा.
मी चौथ्या मजल्यावर दारामागे
त्यांच्या पायऱ्या मोजत होतो.
आमचा उपसला,
आणि खालून दोदो ओरडली, "आला!"

दार मीच उघडलं.
आत बाबुआ, पायात मोज्यांचे तीन जोड,
समोर निवत चाललेली कॉइल.
वडील खिडकीबाहेर बघत होते. बाहेर काही नव्हतं.
"कोण, मीटरवाले?" बाबुआने विचारलं.
बाई खाली बसल्या, कॉइलकडे बघत राहिल्या.
"गाठ ढिली आहे. इथेच जळेल."
पक्कड मागितली.
गाठ सोडून पुन्हा मारली, पिळून, घट्ट.
मग उठताना म्हणाल्या,
"रोज आठ ते दहा सगळ्यांचे बल्ब बंद.
हीटर हा एकच. आणि सगळे इथे."

आले. स्टुलं घेऊन, रजया घेऊन,
त्रिस्तान तर लोणच्याची बरणी घेऊन.
दोदोला भिंतीकडची जागा, पोट सावरत बसायला.
"माणूस नुसता बसला तरी शंभर वॅट उष्णता देतो," बाई म्हणाल्या.
मी डोकी मोजली. अकरा.
हीटर हजाराचा.
"मग हीटर कशाला?"
बाईंनी माझ्याकडे पाहिलं,
वर्गात एखाद्याचं उत्तर अवचित बरोबर आल्यावर बघायच्या तसं,
आणि प्लग काढला.
बाबुआ शिव्या देत देत झोपला.

अंधारात कुणीतरी विचारलं,
वीज तिकडून इथवर येते म्हणजे येतं तरी काय?
"कुणी येत नाही," बाई म्हणाल्या.
"तारेत जो तो आपल्या जागी.
सेकंदाला पन्नासदा मागे-पुढे,
केसाच्या जाडीइतकंही नाही.
शेजारच्याला धक्का, त्याचा त्याच्या शेजारच्याला.
तेवढ्यावर दिवा लागतो."

मार्चमध्ये दोदो
त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला गेली.
चालत, औथारच्या खांद्याला धरून,
अक्रोडाखालून, गॅरेजवरून डावीकडे.
त्या रात्री बाईंनी मुख्य फ्यूजच उपसला
आणि कोटाच्या खिशात टाकला.
कुणी का म्हणून विचारलं नाही.
पाच मजले काळोखात, दारं उघडी टाकून बसले.

सकाळी फ्यूज बसला.
मुलगी. तीन किलो शंभर.