साडेबारा ते तीन

उपग्रह एक, मान एक,
आणि डोळे तीन.
थोरल्या दुर्बिणीला सूर्यावरचे डाग हवेत,
मधलीला कडेच्या ज्वाळा,
धाकटीला क्ष-किरण, आणि तेही आत्ताच.
तिघींची माणसं तीन देशांत,
तीन घड्याळांवर उठणारी,
वेळापत्रक मात्र माझ्याकडे, इथे,
शाम गावाच्या पलीकडे, जिथे रास अल खैमाचा रस्ता
डोंगर आणि खारं पाणी यांच्यामध्ये
चिंचोळा होत जातो.
आई फोनवर म्हणाली, तीन तिघाडा काम बिघाडा.
आईला ह्यातलं काहीच माहीत नाही.

पाच आठवडे तिघींची झाकणं बंद.
नुसतं कोमट ठेवलं त्यांना,
डिंक, रंग, तारांवरचं वेष्टण,
जमिनीवरून अंगाला लागून गेलेली वाफ
निघून जावी म्हणून.
घाई केली असती तर तीच वाफ आरशावर बसून
उन्हाने करपली असती, कायमची.
नवा माठ आधी भिजत घालतात,
लगेच पाणी पीत नाहीत त्यातलं.

आज पाच अठ्ठेचाळीसला
तो जेबेल जैसच्या खांद्यावरून वर येणार,
अकरा मिनिटं दिसणार.
आधी थोरलीचं दार. मग तिचं होईस्तोवर
मधलीने चाक फिरवायचं नाही,
नाहीतर थोरलीचा सूर्य थरथरतो.
धाकटी शेवटी. तिच्या तोंडावरची जाळी
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.

आणि सकाळीच अँटेना अडली,
चौपन्न अंशांवर, कर्र करून.
बेअरिंगमध्ये वाळू.
भानुदास गवारे अकराला शिडी चढला
आणि साडेबाराला पाना कमरेला लावून
खाली उतरला, काम अर्धं टाकून.
उन्हाळ्यातला कायदा आहे इथला,
साडेबारा ते तीन उघड्यावर कोणी राबायचं नाही.

धाकटीवाल्यांचा फोन आला.
फक्त वीस मिनिटं, म्हणाले, कोण बघतंय?
खुलूद अल शेहीने माझ्या हातातून फोन घेतला,
म्हणाली, ला.
ठेवला.
मग लबनचे खोके काढले फ्रिजमधून,
लबन म्हणजे आपलं ताकच,
आणि आम्ही दोघी ताटलीच्या सावलीत
जाऊन बसलो, भानुदासच्या चटईशेजारी.

"ते तुमचं यंत्र," तो म्हणाला,
"सरळ त्याच्याकडे बघणार?"
हो.
"आठ वर्षं झाली, मी नाही बघितलं.
मी त्याला पाठीने ओळखतो."
नाव भानुदास, हे मला तेव्हा कुठे जाणवलं.
"यंत्राला चटका नाही बसत?"
उन्हाच्या बाजूला बसतो. मागच्या बाजूला
उणे शंभरच्या खाली.
तो ताक संपेपर्यंत गप्प राहिला.
"त्या मागच्या बाजूला बघा एखादी नोकरी."
खुलूदला हिंदी कळतं, मराठी नाही,
तरी ती आधी हसली.

तीनला तो पुन्हा वर.
पाच एकतीसला ताटली हलली,
आधी नाखुशीने, मग सरळ.

दार उघडताना दिसत नाही काही.
पडद्यावर एक आकडा शून्यावरून चढतो,
दोन सेकंद थांबतो, उतरतो.
उघडलं.
थोरलीचा सूर्य आला, करडा, उजवीकडून कापलेला.
मधलीचा आला, तो खालून कापलेला.
दोघींच्या नजरेत एकेचाळीस विकलांचं अंतर,
एका मानेवर असूनही.
धाकटीची आज्ञा टाईप करत होते
आणि उपग्रह समुद्रावर टेकला.
उद्या पहाटे, पाच छप्पन.

कॅम्पची बस भोंगा वाजवत होती.
मी धावत जाऊन खिडकीतून फोन पुढे केला.
भानुदासने बोटाने चित्र मोठं केलं,
लहान केलं,
पुन्हा मोठं केलं.
"कापला गेलाय," म्हणाला.
उद्या मधोमध आणू, मी म्हटलं,
पण बस सुटली होती,
आणि पश्चिमेच्या बाजूला बसलेल्या सगळ्यांनी
पडदे ओढून घेतले होते.