पत्ता तोच

चांदिवलीत, तिसऱ्या मजल्यावर, मे महिन्यात
स्वेटर घालून बसलेले आम्ही दोघं :
मी, आणि वसईचा ऑस्टिन तुस्कानो,
ज्याला थंडी चालते, पंख्यांची घरघर चालत नाही.
तो कानांत कापूस घालतो.
मग मला हातवारे करावे लागतात.

एक ते चार एवढीच परवानगी.
तेवढ्यात चार स्विच मिळून एक यंत्र करायचं.
रॅक चौदा. तीन नवे, एक जुना.
जुना आजच्या रात्रीपुरताच,
कारण आठ वर्षांची सगळी मांडणी त्याच्या पोटात.
त्याच्या कपाळावर मार्करने, घरत साहेबांच्या अक्षरात :
हात लावण्याआधी मला फोन करा.

फोन कुणाला करणार.

केबल अर्ध्या मीटरची, जाड, हट्टी,
वाकवली तर हात सुटताच सरळ होते.
पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात,
तिसऱ्यातून चौथ्यात,
आणि चौथ्यातून परत पहिल्यात.
ही शेवटचीच लोक विसरतात.
वळं अर्धवट राहिलं की
एक जोड निसटायचा अवकाश, दोन तुकडे,
आणि दोन्ही तुकडे म्हणतात, मीच तो.
एक नाव, एक पत्ता, तोंडं दोन.
तुस्कानोने हे भांडुपला पाहिलंय एकदा.
"दिवे सगळे हिरवे," तो सांगतो, "आणि बँक बंद."

मग निवडणूक.
सभा नाही, बोटाला शाई नाही.
ज्याला मोठा आकडा दिला तो म्होरक्या,
आकडे सारखे असले तर
ज्याचा कारखान्यातला पत्ता लहान तो.
मी जुन्याला पंधरा दिला.
चुकून एखादा नवा निवडून आला असता
तर आपली कोरी पाटी त्याने सगळ्यांना वाटली असती.
"मोकल, पुन्हा बघ," तुस्कानो म्हणाला.
पुन्हा बघितलं. पंधराच.

दोन वाजून वीस. चौघं एकमेकांना ओळखू लागले.
प्रत्येक सर्व्हरच्या दोन तारा
दोन वेगळ्या स्विचमध्ये खोचलेल्या,
आणि सर्व्हरची समजूत अशी
की समोर एकच कुणीतरी आहे
ज्याने आपले दोन्ही हात धरलेत.
समजूत मोडायची नाही. काम तेवढंच.

मग जुन्याची वीज काढली.
लॅपटॉपवर ओळी सरकत होत्या :
उत्तर, उत्तर, उत्तर,
एक रिकामी,
अजून एक रिकामी
(तुस्कानोने क्रूस केला, मी पाहिलं नाही असं दाखवलं)
उत्तर.
दुसरा म्होरक्या झाला होता
आणि बोलत होता जुन्याच्याच पत्त्यावरून.
ती एक ओळ मीच लिहिली होती :
म्होरक्या गेला तरी पत्ता बदलायचा नाही.
नाहीतर बाहेरच्या प्रत्येकाला
नव्याने सांगत बसावं लागतं, कोण गेलं, कोण आलं.

वळं पुन्हा जुळवलं, आता तिघांचं.

साडेतीनला ड्यूटीचा फोन वाजला.
हा फोन आमच्या चौघांत एकच, पाळीपाळीने खिशात.
फोर्टातला माणूस काल तुस्कानोशी भांडलेला असतो,
आज माझ्यावर चिडतो, "तुम्हीच म्हणालात ना!"
आणि मी म्हणते, हो, मीच.
मार्चपासून आम्ही तिघंच आहोत.
नंबर तोच.

आवाज म्हातारा, कुठल्याशा गोदीतल्या गोदामातला :
"घरत साहेब आहेत का? दोन मिनिटं लिंक गेली होती.
आली आता. पण त्यांनी सांगून ठेवलंय,
काही झालं तर कळवायचं."

सांगता आलं असतं.
मी वहीत वेळ लिहून घेतली.
म्हटलं, "बोला काका. कळलं इथे.
आम्हीच काम करत होतो."
"बरं," तो म्हणाला. "मग त्यांना सांगा, आली."

जुना स्विच बाहेर ओढला तेव्हा
अजून कोमट होता.
तुस्कानोने एका कानातला कापूस काढला.
"कुणाचा होता?"
"साहेबांसाठी."
"घेतलास?"
"घेतला."