मुका मार

मेदेबरच्या बाजारात, पत्रे ठोकणाऱ्यांच्या रांगेत
माझं दुकान शेवटचं.
इथे तेलाच्या पिंपाची चूल होते,
ट्रकच्या टायरची चप्पल,
आणि रविवारी दुपारी माझ्याकडे
आउट झालेली चाकं येतात.
चाकांच्या मागून लंगडत माणसं.

सकाळी नेफासितच्या उतारावर धुकं होतं म्हणतात.
ते रोजच असतं.
तेकले म्हणतो, वानर आडवं आलं.
गेल्या महिन्यात बकरी आली होती,
त्याआधी निवडुंगाची बोंडं विकणारी एक पोर.
मी रिम फिरवतो, एकेक आरी चिमटीत धरून बघतो.
चाकाचा असा आठ होतो
तो पुढचा ब्रेक घाबरून आवळल्यावर.
वानर असेलही.
मी काही बोलत नाही, पाना फिरवतो.

किब्रोम सांगतो, हवेत असताना
त्याला एवढंच आठवलं
की घराला कुलूप लावायचं राहिलंय.
आणि मग डांबर.
डांबर काही विचारत नाही,
ढोपराचं आपलं माप घेतं.
त्याच्या आईनं मिठाच्या पाण्यानं जखम धुतली
तेव्हाची बोंब कॅथेड्रलपर्यंत ऐकू गेली,
हे तो स्वतःच हसत सांगतो,
वर पॅन्ट गुंडाळून दाखवतो:
कडेनं गुलाबी, मध्ये काळपट खपली,
तिच्यात अडकलेला एक खडा.
काढू नकोस म्हणतो, राहू दे.
घाटाचा आहे.

मी बघत आलोय तीस वर्षं.
पडलेला माणूस उठतो
आणि आधी आजूबाजूला बघतो, कुणी पाहिलं का.
मग सायकलकडे.
मग, बऱ्याच वेळानं, रक्ताकडे.

सेन्हित आली ती सगळे कॉफीला गेल्यावर.
अंगावर ओरखडा नाही. चाकं सरळ.
म्हणाली, अबोय, जरा कुरकुरतंय कुठेतरी,
तेल सोडा.
मी फ्रेमवर पान्यानं टिचकी मारली.
चांगली फ्रेम घंटेसारखी बोलते.
ही बद्द वाजली,
चीर गेलेल्या मडक्यासारखी.
बोटानं रंग खरवडला तर
सीटखालच्या जोडाशी
केसाएवढी रेघ.

वरून रंग मारा, म्हणाली. दोन आठवड्यांवर निवड आहे.
पाण्याचा पेला तिनं डाव्या हातानं उचलला.
मी म्हटलं, तो वरचा हुक जरा काढून दे.
उजवा हात खांद्यापर्यंत गेला,
पुढे गेला नाही.
काही झालेलं नाही, म्हणाली, मी विचारायच्या आत.
नुसता मुका मार.

माझंही एक मनगट आहे.
तेविसाव्या वर्षी मीही म्हणालो होतो, काही नाही,
आणि पट्टी बांधून मसावापर्यंत गेलो होतो,
तिसरा आलो होतो.
आता कड्यावरून धुकं वर चढायला लागलं
की डोंगराआधी त्याला कळतं.
हे तिला सांगावंसं वाटलं.
पण तेविसाव्या वर्षी
मला हे कुणी सांगितलं असतं
तर मी त्याच्याच अंगावरून सायकल घातली असती.

म्हणून फ्रेम घेतली, हुक स्वतःच काढला,
ती वर टांगली, तिच्या हाताला येणार नाही एवढी वर.
म्हटलं, वेल्डिंगला तीन आठवडे लागतील.
गॅस संपलाय.

तासाभराचं काम.
सिलिंडर तिच्या मागेच उभा होता, गळ्यापर्यंत भरलेला.

तिनं तो पाहिला की नाही, मला माहीत नाही.
शेजारी हबतोम पिंप ठोकत होता,
बोलायची सोय नव्हती.
ती बराच वेळ वर टांगलेल्या सायकलकडे बघत उभी राहिली.
मग खाली बसली, माझ्या स्टुलावर,
आणि पहिल्यांदाच
डाव्या हातानं उजवा खांदा धरला,
अगदी हळू,
दुसऱ्याचा असल्यासारखा.