खिडकी क्रमांक नऊ

मेडिकल चौकात पोह्यांवर तर्री ओतता ओतता
तितरमारे म्हणाले,
"आता एक्स-रे मशीनच वाचनार म्हने. डॉक्टर कायले पाहिजे?"
भोयर सरांनी पेपर आपटला.
"माणूसच चुकतो हो. सासऱ्यांचं मोडलेलं हाड
तिघांनी पाहिलं, तिघंही म्हणाले मुरगळलंय."
"अन् मशीन चुकली, त कोनाची कॉलर धराची बे?"
मग बराच वेळ नुसते चणे चावल्याचा आवाज.

मी गप्प. दहाला खिडकी उघडायची होती.

काल त्याच खिडकीतून एक हात आत आला,
सिकलसेलचं कार्ड, कोपरे मऊ झालेले.
आत्राम, वय अकरा.
कुरखेड्याहून पहाटेच्या एसटीनं.
पडद्यावर गोळ्या होत्या, दोनशे साठ, हिरव्या आकड्यांत.
कपाटात खोका होता.
खोक्यात चलन होतं, घडी घातलेलं.

"त्याच्यात दिसून रायल्या न जी," तिची आई म्हणाली,
"मंग द्या न."
मी पडदा तिच्याकडे वळवला,
मग पुन्हा माझ्याकडे.

सोमवारपासून अधिवेशन.
सिव्हिल लाइन्सच्या झाडांना चुना-गेरू लावून झालाय.
टपरीवरचा वाद आता धोरणावर पोचलाय,
माहिती कोणाची, सरकारची की कंपनीची.
"ताई, तुम्ही त आतल्या," तितरमारे विचारतात,
"सांगा बरं, कोन बरोबर?"

मी सुटे पैसे मोजते.
तळहातावर काल घाईत लिहून घेतलेला नंबर
अजून वाचता येतो,
शेवटचे दोन आकडे सोडून.